सतरा शंका आणि एक कथा

‘मावशी, मी भांडुपला राहते, वय ३१. परळच्या एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. जाता-येता लोकलमध्ये फोनवर कथा लिहिते. माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. आता ८४ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. त्यांचा छापखाना बंद पडला आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले, त्या दिवसावर मी साडेचार हजार शब्दांची कथा लिहिली. एका ऑनलाइन त्रैमासिकाने ती घेतली, पण सोबत १७ शंका काढून पाठवल्या. मला वाटलं होतं, आवडली तर घेतील, नाहीतर नको म्हणतील. हे मधलंच काय? त्यातच ओळखीच्या एका दिवाळी अंकवाल्यांनी तीच कथा मागितली आहे. ते आहे तशी घेतील, पण नेटवर आलेली असेल तर त्यांना नको. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “जे हातात धरता येत नाही, ते छापलं कसं म्हणायचं?” मैत्रिणी म्हणतात, फेसबुकवर टाक आणि मोकळी हो. मानधनाचं कुणीच बोलत नाही. काय करू?’

तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगं करूनच लिहिते.

आधी उत्तर. कथा त्या त्रैमासिकाला दे. पण लगेच नको. सतराही शंकांना एकेक करून उत्तर दे, त्या उत्तरांतून कथा पुन्हा लिही, आणि देताना त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घे. त्या कुठल्या, ते पुढे येईलच.

त्या सतरांपैकी तीन शंका तू मला उतरवून पाठवल्यास, हे फार बरं केलंस. पहिली अशी: ‘तिसऱ्या पानावर आजोबांना अश्रू अनावर होतात. त्या वेळी त्यांचे हात काय करत होते?’ दुसरी: ‘खिळे विकले तेव्हा ते सुटे होते, की एखादं जुळवलेलं पान तसंच बांधलेलं होतं?’ आणि तिसरी: ‘शेवटचा परिच्छेद काढला तर वाचकाचं काय हरवेल?’

मी दादरच्या एका मासिकात बावीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासली. सुरुवातीची काही वर्षं खिळ्यांच्या छपाईची होती, त्यामुळे त्या दुसऱ्या शंकेपाशी मी बराच वेळ थांबले. खिळे जुळवून पान तयार झालं की ते चारी बाजूंनी दोऱ्याने करकचून बांधत. पान छापून झालं की दोरा सोडायचा, रॉकेलने शाई धुवायची आणि एकेक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. याला आमच्याकडे मजकूर सोडणं म्हणत. सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जपून करायचं, कारण एक खिळा चुकीच्या खणात गेला तर पुढच्या पानावर ‘घर’चं ‘धर’ व्हायचं. आता विचार कर. सुटे खिळे विकले असतील, तर भंगारवाल्याने नुसतं शिसं नेलं. पण एखादं पान दोऱ्याने बांधलेलं तसंच गेलं असेल, तर त्याने कुणाचं तरी न छापलेलं लिखाण तराजूत घातलं. लग्नपत्रिका असेल, कुणा मास्तरांच्या कविता असतील, पतपेढीचा अहवाल असेल. तुझी कथा या एका उत्तरावर इकडची तिकडे होते. आणि हे तुला लिहिताना सुचलं नव्हतं. तुला न भेटलेल्या माणसाने तुझी कथा इतकी मन लावून वाचली, की तुझ्या आजोबांच्या हातापर्यंत तो पोचला.

तू विचारतेस, हे मधलंच काय? अगं, हेच संपादन. बाकी सगळी पोस्टमनकी आहे.

मराठीला हे काम नवं नाही. गिरगावात खटाववाडीत ‘मौज’च्या कचेरीतून ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथा परत पाठवत, पुन्हा लिहायला लावत. त्यांच्याबद्दल नाराजीही पुष्कळ होती. आमच्या भाषेला, आमच्या जगण्याला यांच्याकडे जागा नाही, असं म्हणत साठीच्या दशकातल्या तरुणांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं, आणि त्या तक्रारीत तथ्य होतं. तरीही त्या कचेरीत कथा वाचली जायची, हे कुणी नाकारलं नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. त्यानंतरही मराठीत उत्तम कथा लिहिल्या गेल्या, छापल्याही गेल्या. पण ‘अजून एकदा लिहून बघा’ असं म्हणणारी माणसं झपाट्याने कमी झाली. आमचं मासिक चाललं तोवर आम्ही दोघी-तिघी ते काम जमेल तसं करत होतो. शेवटच्या तीन वर्षांत तेही सुटलं, कारण जाहिरात, कागदाचे भाव आणि टपालखर्च यांतच दिवस जायचा. कथा वाचायची ती रात्री घरी, डोळे मिटत असताना.

दिवाळी अंकांबद्दल मला माया आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. दरवर्षी फराळाबरोबर अंक वाचणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही. काही संपादक आजही दिवाळी अंकासाठी लेखकाच्या मागे लागून कथा दोन-तीनदा लिहून घेतात. पण तुझ्या पत्रातलं ‘आहे तशी घेतील’ हे वाक्य मला खुपलं. वर्षातून एकदा निघणारा अंक, ऑगस्टपासून जाहिरातींची धावपळ, सप्टेंबरात पानं लावायची घाई. त्या घाईत साडेचार हजार शब्दांची कथा आठ पानांत बसवायची म्हणून पंधराशे शब्द कापलेले मी पाहिले आहेत. तेही लेखिकेला न विचारता, परिच्छेदाच्या शेपटांकडून. तिला कळलं ते अंक हातात आल्यावर. त्यांच्या शब्दावर विसंबून एवढी कथा देऊ नकोस. नातं मात्र तोडू नकोस. जुलैपर्यंत दुसरी, लहान कथा देते असं त्यांना सांग, आणि दे. ती अप्रकाशितच असेल, म्हणजे त्यांची अटही पाळली जाईल.

आता ऑनलाइन अंकांबद्दल. ‘नेटवर टाकणं’ आणि ‘ऑनलाइन नियतकालिकात प्रसिद्ध होणं’ या दोन गोष्टी तुझ्या मनात एक झाल्या आहेत. तुझ्या मैत्रिणींच्या मनात तर आहेतच. फेसबुकवर टाकलेल्या कथेला पाच मिनिटांत बदाम येतात. दोन दिवसांनी ती व्हॉट्सॲपवर फिरायला लागते, तिसऱ्या दिवशी खालचं नाव गळून पडतं, आणि महिन्याभराने तुझीच कथा ‘अप्रतिम, नक्की वाचा’ असं म्हणून तुझ्याच मावसबहिणीकडून तुला येते. हे माझ्या ओळखीतल्या तिघींचं झालं आहे. त्यात एकीची कथा तर दुसऱ्याच कुणाच्या नावाने फिरत होती. वाचक मिळाले, हे खरं. पण त्या तिघींपैकी एकीलाही ‘हे वाक्य इथे का आहे?’ असं कुणी विचारलं नाही.

ऑनलाइन नियतकालिकाला संपादक असतो, अंक असतो, तारीख असते, आणि ‘नाही’ म्हणायची तयारी असते. मराठीत ही वाट आता चांगली मळलेली आहे. ‘रेषेवरची अक्षरे’, ‘डिजिटल दिवाळी’ असे अंक कागदाशिवाय निघाले आणि लोकांनी ते मनापासून वाचले. ‘हाकारा’ मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत निघतं, आणि एकेका विषयाभोवती लेखन, चित्रं, ध्वनी असं सगळं एकत्र आणतं. कागदावर हे करायचं म्हटलं तर खर्चाच्या आकड्यानेच संपादकाचा धीर सुटेल. हिंदीत ‘समालोचन’ आहे. आपल्या शहराचं नाव लावणारं ‘द बॉम्बे लिटररी मॅगझिन’ इंग्रजीत निघतं, आणि ‘आउट ऑफ प्रिंट’ तर केवळ लघुकथेला वाहिलेलं आहे. अमेरिकेत ‘ट्रायक्वार्टर्ली’ हे एका विद्यापीठाचं नावाजलेलं छापील नियतकालिक होतं. त्याने २०१० साली कागद सोडला आणि ते पूर्णपणे ऑनलाइन झालं. अनुवादाला वाहिलेलं ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ २००३ पासून पडद्यावरच आहे. तिकडच्या पुशकार्ट पारितोषिकासाठी ऑनलाइन अंकांतल्या कथाही पाठवता येतात. तेव्हा ‘हे प्रसिद्ध झालं म्हणायचं का’ याचं उत्तर हो आहे. दिवाळी अंकवाले ‘नेटवर आली तर नको’ म्हणतात, याचा अर्थच तो, की तेही तिला प्रसिद्ध झालेलीच धरतात.

या अंकांची वाढ का झाली, हे मी आमच्या मासिकाच्या हिशेबाच्या वहीवरून सांगू शकते. आमचा निम्म्याहून जास्त पैसा कागद, छपाई आणि टपाल यांत जायचा. ऑनलाइन अंकाला वर्षाला काही हजार रुपयांत जागा मिळते. वाचलेला पैसा बहुतेकांकडे नसतोच म्हणा, पण वाचलेला वेळ असतो. तो वेळ ज्यांनी तुझ्यासारखीच्या कथेवर सतरा शंका काढण्यात घातला, ते खरे. ज्यांनी आलेलं सगळं तसंच वर चढवलं, त्यांचे अंक मी बघत नाही. स्वस्ताईने दोन्ही प्रकारचे लोक आणले. म्हणून तू पारखून घे.

पारखायचं कसं, तर घरी बसून नको. गाडीत बस, हातात फोन घे आणि त्यांचे मागचे तीन अंक उघड. तुझा वाचकही तिथेच, विक्रोळी-घाटकोपरच्या मध्ये, एका हाताने दांडी धरून वाचणार आहे. अक्षर बोटांनी मोठं करावं लागतंय का? पुष्कळ ठिकाणी ऑनलाइन म्हणून छापायला केलेल्या पानांचं नुसतं चित्र टाकतात. फोनवर ते सरकवून सरकवून मान दुखते, आणि त्यातला एक शब्दही शोधून सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे फोनला अक्षर अक्षर म्हणून ओळखता येईल असा. आमच्या वाचकांत वरळीचे एक गृहस्थ आहेत, त्यांची दृष्टी गेली आहे. फोन त्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. युनिकोडमधली कथा ते ऐकतात. चित्र केलेलं पान त्यांच्यासाठी कोरं असतं. छापील मासिक होतं तेव्हा त्यांची सून त्यांना महिन्यातून एक कथा वाचून दाखवायची. आता ते स्वतः वाचतात आणि मला फोन करून भांडतात.

मग कवितांची पानं बघ. कवीने जिथे ओळ तोडली तिथेच ती फोनवर तुटते, की पडद्याच्या रुंदीप्रमाणे कुठेही मोडते? ज्याने याची काळजी घेतली आहे, तो तुझ्या संवादांचीही घेईल. आणि एक बारीक गोष्ट, पण माझ्यासारखीला ती लगेच दिसते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आपल्या भाषेतला हा अर्धा र संगणकावर आणायला थोडी खटपट पडते, म्हणून आळशी हात ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ असं लिहून मोकळे होतात. अंकभर अर्धा र नीट असेल, तर समज की तिथे कुणीतरी मुद्रितं तपासतं. तुझ्या आजोबांना हे एका वाक्यात कळेल. त्यांनी त्या अक्षरासाठी खिळा हाताने उचलला आहे.

आणि सगळ्यात जुना अंक उघड. उघडतो का?

इथे मी आजोबांच्या वाक्याकडे येते. तू ते असं लिहिलंस, की म्हातारा माणूस आहे, त्यांना हे नवं कळत नाही. मला ते तसं वाटत नाही. दहा वर्षांपूर्वी मी आईच्या जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख लिहिला होता. एका ऑनलाइन अंकाने तो घेतला. संपादक तरुण मुलगा होता, अतिशय चांगला. त्याच्याबरोबर चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांतल्या दुरुस्त्या आम्ही थेट त्यांच्या साइटवरच केल्या. तीन ओव्या मला मावशीकडून नव्याने मिळाल्या, त्याही तिथेच घातल्या. अंक निघाला, लोकांची पत्रं आली, मी खूश होते. चार-साडेचार वर्षांनी कुणी लेख मागितला म्हणून मी लिंक उघडली, तर तिथे जुगाराची जाहिरात होती. त्या मुलाला फोन केला. त्याची नोकरी बदलली होती, घरी आजारपण होतं, साइटच्या नावाचे वर्षाचे पैसे भरायचे राहून गेले आणि ते नाव दुसऱ्याच कुणी उचललं. तो फोनवर गप्प झाला. मी त्याला काय बोलणार? माझ्याजवळ पहिला खर्डा होता. त्या तीन ओव्या नव्हत्या, आणि तोवर मावशी गेली होती.

तेव्हा आजोबा म्हणतात ते कागदाच्या प्रेमातून म्हणत असतील, पण त्यात एक फार खरी भीती आहे. हातात धरता येतं ते कुणीतरी कुठेतरी ठेवतं. १९५५ च्या सुमाराला अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ही मंडळी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढत. मग ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ अशी कितीतरी निघाली. मोजक्या प्रती, हातोहात वाटलेल्या, शाई पुसट. ‘हा काय अंक झाला?’ असं तेव्हाही लोक म्हणत. मराठी कवितेने कूस बदलली ती त्या पुसट कागदांवर. आज आपल्याला ते माहीत आहे, कारण कुणाच्या तरी ट्रंकेत, कुणाच्या तरी माळ्यावर चार प्रती राहिल्या. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जाऊन बसलीस, तर शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचं पान उलटता येतं. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. आपल्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतलंच. पडद्यावरच्या अंकाला अशी ट्रंक नाही, माळा नाही. म्हणून ती ट्रंक तू हो.

म्हणजे काय करायचं, ते सांगते. कथा प्रसिद्ध होईल त्या दिवशी तिचा शेवटचा, दुरुस्त झालेला मजकूर तुझ्या फाइलमध्ये उतरवून घे. मी केली ती चूक करू नकोस, शेवटचा शब्द तुझ्याकडे असू दे. पानाची पीडीएफ काढ, स्वतःला ईमेल कर. इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था जगभरातली पानं जपून ठेवते. २००१ पासून तिचं वेबॅक मशीन लोकांसाठी खुलं आहे, आणि तिथे आपल्या पानाचा पत्ता देऊन ते पान तिथल्या तिथे जतन करायला सांगता येतं. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या लेखाच्या वेळी मला हे ठाऊक असतं, तर मावशीच्या ओव्या आज माझ्याजवळ असत्या. आणि शेवटी साध्या कागदावर एक प्रत काढून, तारीख टाकून, खाकी पाकिटात घरी ठेव.

आता त्या दोन लेखी गोष्टी. पहिली, त्यांना फक्त पहिल्या प्रकाशनाचा हक्क दिला आहे. पुढे कथासंग्रहात घेणं, अनुवाद करू देणं, वाचनाचं ध्वनिमुद्रण, हे सगळे हक्क तुझे. नियमांच्या पानावर ‘प्रसिद्ध साहित्याचे सर्व हक्क संपादकांकडे’ असं वाक्य असेल, तर ते तसंच सोडून देऊ नकोस, विचार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथेचा हक्क मुळात लिहिणारीचा असतो, आणि तो तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेखक लोक हे वाचत नाहीत आणि दहा वर्षांनी पुस्तकाच्या वेळी परवानग्या मागत फिरतात. दुसरी गोष्ट, अंक बंद करायची वेळ आली तर ते तुला आधी कळवतील. चांगला संपादक या दोन्हींना एका ईमेलमध्ये हो म्हणतो. ज्याने सतरा शंका काढल्या, तो म्हणेल असं मला वाटतं.

मानधनाचं कुणी बोलत नाही, तर तू बोल. ‘अंकाचं मानधनाचं धोरण काय आहे?’ एवढं एक वाक्य. त्यात लाजायचं काही नाही. तू खिडकीवर बसून पगार घेतेस, लिहिणंही कामच आहे. बहुतेक उत्तर ‘सध्या देता येत नाही’ असं येईल, आणि या वेळी तू ते मान्य कर, कारण सतरा शंकांचं मोल मला ठाऊक आहे. आमच्या मासिकात मी पानाप्रमाणे मानधन काढायची, तेव्हाही कधी इतकं बारीक वाचून कथा छापली नव्हती. पण तुझ्याकडूनच पैसे मागणारे भेटले, नोंदणीशुल्क, प्रमाणपत्र, ‘उत्कृष्ट कथाकार’ सन्मानचिन्ह, तर तिथून उठ. काही इंग्रजी नियतकालिकं लिखाण पाठवताना थोडे डॉलर घेतात आणि ते उघडपणे सांगतात, तो वेगळा व्यवहार. मराठीत पैसे भरून मिळालेलं प्रमाणपत्र घरच्या भिंतीवरही लावू नये.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगते. सगळ्या शंका मान्य करायच्या नसतात. तुझ्या तीनपैकी तिसरी, शेवटचा परिच्छेद काढण्याची, मला पटलेली नाही. कथा मी वाचलेली नाही, तेव्हा ठामपणे बोलत नाही. पण तू लिहिलंस की त्या परिच्छेदात आजोबा घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतात आणि तरी बोटांना रॉकेलचा वास राहतो. त्या वासाला मी चांगली ओळखते. तो परिच्छेद ठेवायचा असेल, तर का ठेवते आहेस हे संपादकाला दोन ओळींत लिही. त्यांना कारण पटेल किंवा पटणार नाही, पण लिहिताना तुला ते स्वतःला सांगावं लागेल. कदाचित कळेल, की हात धुणं पुरेसं आहे आणि त्यानंतरची चार वाक्यं जास्तीची आहेत. पहिल्या शंकेचं उत्तरही तुला तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे. अश्रू काढून टाक. हात ठेव.

राहिली दुसरी. ती ना मला सोडवता येईल, ना तुला. रविवारी भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जा, कथा कागदावर काढून घे. अक्षर मोठं ठेव, अठरा पॉइंट, ओळींत जागा, डाव्या बाजूला समास सोड. आजोबांसमोर ती पानं आणि एक लाल पेन ठेव. हातात धरता येईल अशी कथा द्यायची आहे त्यांना. वाचून सांगा, असं म्हणू नकोस. मुद्रित तपासून द्या, असं म्हण. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या खुणांप्रमाणे खिळे बदलले. या वेळी खुणा त्यांना करू दे. त्यांच्या खुणा तुला कळल्या नाहीत तर फोटो काढून मला पाठव, मी अर्थ लावून देईन.

आणि ते तिसऱ्या पानावर आले, की विचार: त्या दिवशी भंगारवाला आला, तेव्हा एखादं पान बांधलेलं होतं का, आणि त्यावर काय होतं? मग ते बोलतील तोवर फोन पालथा घालून ठेव. काय म्हणाले ते मला पुढच्या पत्रात कळव.